हौसराव सभेत उभे राहिले

राहू गावापासून आत, उसाच्या पट्ट्यात, एक वाडी आहे. तिथले हौसराव फौजेतून हवालदार होऊन परतले आणि त्याच वर्षी यात्रेच्या नाटकात त्यांना पितामहांचं काम मिळालं. उंचापुरा माणूस, खणखणीत आवाज. तागाची पांढरी दाढी लावून ते स्टेजवर आले की पुढं बसलेल्या बाया हात जोडायच्या. द्यूताच्या सभेत मात्र त्यांना फारसं बोलायचं नसे. भरसभेत राणीची विटंबना चालायची आणि पितामहांनी मान खाली घालून बसायचं. ते बसणंच सगळ्यात जड जातं, असं हौसराव म्हणायचे.

पोट भरायचं ते पोपटरावांकडं. वाडीतले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या मळ्याची सगळी देखरेख हौसरावांकडं होती, आणि ती नुसती नोकरी नव्हती. हौसरावांची बायको सोजरबाई हिला एकदा साप चावला. ओढ्याला पाणी चढलेलं, गाडी काढायला कुणी धजेना. पोपटराव स्वतः स्टेअरिंगवर बसले, पाण्यातून गाडी घातली आणि तिला यवतला, तिथून पुण्याला घेऊन गेले. सोजरबाई वाचली. तेव्हापासून हौसरावांनी पोपटरावांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

मळ्याच्या वरच्या अंगाला ख्रिस्ती वस्तीची दफनभूमी आहे, मिशनच्या काळापासूनची. तिकडं जाणारी वाट पोपटरावांच्या बांधावरून जायची. डाळिंबाची बाग वाढवायची म्हणून पोपटरावांनी ती वाट नांगरली आणि तारेचं कुंपण घातलं. वस्तीतली रूथ, अंगणवाडीची बाई, हौसरावांकडं आली. तिचे वडील एलिया मास्तर उन्हाळ्यातच गेले होते. हौसराव त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"मामा, वडिलांच्या कबरीवर फूल ठेवायला गेले, तर तार आडवी," ती म्हणाली. "उद्या वस्तीत कुणी गेलं तर माणूस न्यायचा कुठनं?"

रूथनं ग्रामसभेत अर्ज दिला. सभेच्या आदल्या दिवशी पोपटरावांनी हौसरावांना मळ्यात गाठलं.

"उद्या तुला इचारतील. म्हणायचं, तिथनं वाट कवाच नव्हती. फौजेतला माणूस तू, तुझ्या शब्दाला वजन हाय."

"आबा, मास्तरांना खांदा देऊन मी सोता त्या वाटंनं गेलोय."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर तुलाच सांगतोय." पोपटरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पितामहांचं काम करतोस न्हवं? ज्याचं अन्न खाल्लं त्याची बाजू त्यांनी सोडली का कधी?"

घरी येऊन त्यांनी सोजरबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"जीव माझा वाचवला त्यांनी. फेडायचं तर मी फेडीन. जल्मभर त्यांच्या गोठ्यातलं शेण काढीन. पर माझ्या जिवापायी तुम्ही खोटं बोलायचं न्हाई. त्यात मला घालू नका."

दुसऱ्या दिवशी देवळापुढं ग्रामसभा भरली. रूथचा अर्ज वाचून झाला आणि सगळ्यांच्या माना हौसरावांकडं वळल्या. ते उठले.

"वाट हुती. मी ल्हान हुतो तवापासनं हाय. मास्तरांना त्याच वाटंनं नेलं, मी खांदेकरी हुतो."

पोपटराव लालबुंद झाले. "हौसा, खाली बस. कुणाचं खातोस ते इसरू नको."

"इसरलो न्हाई आबा. सगळ्यांदेखत सांगतो, माझ्या घरातला दिवा तुमच्यामुळं हाय. म्हणूनच तुमच्या हातनं पाप हुताना मला गप बसवत न्हाई." हौसरावांचा आवाज चढला. "इतकी वर्सं मी त्या सभेत मान खाली घालून बसलो. पितामहांएवढा वीर मिठाला जागतो म्हणून गप ऱ्हायला. काय वाचवलं त्यांनी? राणीची अब्रू न्हाई, आन् कौरवांचं कूळ बी न्हाई. त्याच सभेत शंभर भावांतला एक उठला आन् म्हणाला, ह्यो अधर्म हाय. त्याला हिणवून खाली बसवला. पुढं लढाईत त्यो भावांच्याच बाजूनं लढला, तिथंच मेला. त्यानं बाजू सोडली न्हाई, आन् खोटं बी बोलला न्हाई. मला त्याचं काम जमंल आबा. पितामहांचं आता न्हाई जमायचं."

आणि ते खाली बसले नाहीत. सभा संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

ठराव झाला. पुढं तहसीलदारांनी जागेवर येऊन पाहणी केली, कुंपण निघालं, वाट मोकळी झाली. हौसरावांची नोकरी मात्र सभेच्या दुसऱ्याच दिवशी गेली. यात्रेत दाढी दुसऱ्या कुणाला तरी लागली. ते कारेगावला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. मोटारसायकलवर लांबचं जाणंयेणं, आणि गेटवर दिवसभर परप्रांतातल्या कामगारांशी मोडकंतोडकं हिंदी.

निवडणूक आली तशी पोपटरावांच्या विरोधातली मंडळी घरी आली. चहा झाल्यावर मुद्द्यावर आली. "पोपटरावांनी जिवे मारायची धमकी दिली, अशी तक्रार पोलिसांत द्या. पुढचं आम्ही बघतो."

"धमकी दिली न्हाई त्यांनी."

"अहो, कामावरनं काढलं ना तुम्हाला?"

"काढलं. मळा त्यांचा, त्यांनी काढलं. धमकी दिली न्हाई."

"मग तुम्ही नक्की कुणाचे?" एक जण चिडून म्हणाला.

"चहा झाला आसंल तर निघा," दारातून सोजरबाई म्हणाली.

तेव्हापासून ती मंडळीही बोलायची बंद झाली. खोटी तक्रार नाकारल्याची गोष्ट पोपटरावांच्या कानावर गेली असावी, कारण त्यांनी माणूस धाडला: देवळात येऊन माफी माग, मळा परत तुझ्या ताब्यात देतो. हौसरावांनी त्याच माणसाबरोबर निरोप पाठवला, "कामाला उद्या येतो. माफी कशाची ते आबांनी चारचौघांत सांगावं." त्यावर उत्तर आलं नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी यवतच्या बाजारात दोघं समोरासमोर आले. हौसरावांनी हात जोडले. "रामराम, आबा." पोपटरावांनी तोंड फिरवलं. हौसराव पुन्हा म्हणाले, आता इतक्या मोठ्यानं की भाजीवाल्या बाया वळून बघायला लागल्या. पोपटराव गाडीत बसले आणि काच वर केली. हौसराव काचेपाशी गेले, वाकले, तिसऱ्यांदा रामराम घातला आणि मगच आपली भाजीची पिशवी उचलली.