अर्थ आधी, ओवी मागून

दोन श्रावण मी पोथी वाचल्याचं सोंग केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याविषयी भलता आदर बाळगायला नको. अशा अनुभवांत सांगणारा बहुधा सुरुवातीला नास्तिक असतो आणि शेवटी डोळे पुसतो. मी नास्तिक नव्हतो, आणि डोळे कितीही पुसले तरी उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. मी फक्त थकलो होतो. खोटं सांभाळण्याचा थकवा शेतातल्या कामासारखा नसतो. तो झोपेनं जात नाही.

आमचं गाव आष्टीच्या पलीकडे, परतूर तालुक्यात. जालना वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्याच श्रावणात मारुतीच्या देवळात पोथीवर बसलो. आमच्याकडे श्रावणभर दुपारी, माणसं रानातून परतली की पोथी लागते. पोथीवर दोघं बसतात. वाचक ओवी वाचतो आणि सूचक त्या ओवीचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगतो. नेम दोनच, पण कडक. वाचकानं ओवी म्हटल्याशिवाय सूचकानं तोंड उघडायचं नाही. आणि अध्याय लागला की मध्ये खंड पडता कामा नये; पडला तर पहिल्या ओवीपासून पुन्हा. समाप्तीच्या दिवशी तर शेवटचा अध्याय होईपर्यंत सगळं गाव उपाशी असतं, म्हातारी माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत. त्या दिवशी खंड पडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

माझे सूचक तुळशीराम मामा. धनगर, माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठे, जन्म मेंढरांमागे गेलेला. अक्षरओळख नाही, सहीच्या जागी अंगठा. त्यांचे वडील सूचक होते, त्यांच्या मांडीशी बसून यांनी सगळं कानांनी घेतलेलं. मी तेव्हा नवा पदवीधर होतो. मी वाचतो म्हणून हा माणूस सांगू शकतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. तसं मी कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यालाच मी नम्रता समजत होतो.

शेहेचाळिशी ओलांडली आणि पोथीतली अक्षरं मुंग्यांसारखी सरकायला लागली. चष्मा घेतला. श्रावणातला घाम, दोन्ही हात पोथीच्या सुट्या पानांवर, आणि चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर. समोरच्या बायका पदराआड हसायच्या. माझ्या आधीच्या वाचकांच्या चष्म्याला दोरी होती आणि माझ्या पहिल्याच श्रावणात, पोथी माझ्याकडं येण्याआधी, तो भर अध्यायात पोथीवर पडला होता, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो. हसू व्याजासकट परत येतं म्हणतात.

मुलगी पुण्याला दिलेली. तिनं कळवलं की इथं लेझरनं चाळिशीचा चष्मा घालवतात. उन्हाळ्याच्या सुटीत ‘लेकीकडं जाऊन येतो’ म्हणून मी गेलो. खरं काय ते फक्त बायकोला माहीत. डॉक्टरांनी समजावलं की उजवा डोळा लांबचा ठेवायचा आणि डावा जवळचा करायचा. दोन डोळे दोन कामं वाटून घेतील आणि मेंदू ते शिकेल. एकत्र कुटुंबात सुद्धा इतकी शहाणी वाटणी मी पाहिली नव्हती. काही मिनिटांचं काम होतं. आठवडाभर डोळ्यांत रेती गेल्यासारखं वाटलं, संध्याकाळी गाड्यांच्या दिव्यांभोवती उजेडाचं खळं पडायचं, देवळाच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी फसवायची. पण औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं दिसली. बियाण्याच्या पिशवीमागचा मजकूर दिसला. त्या श्रावणात मी उघड्या डोळ्यांनी पोथीवर बसलो आणि माझा आवाज मलाच तरुण वाटला.

इथवर पाप काही नव्हतं. ते समाप्तीला घडलं. उत्सव कमिटीचे अध्यक्ष माणिकराव हे माइक हातात आला की देवालाही दोन पावलं मागं सरकवणारे गृहस्थ. प्रसादाआधी ते उठले आणि म्हणाले, “गुरुजी पन्नाशीला टेकले, आन् चष्मा सुटला! डाक्टर न्हाई, औषद न्हाई. ही बिलकुल पोथीची ताकद हाये!” टाळ्या झाल्या. माझं तोंड उघडलं होतं, पण त्यात कुणीतरी पेढा घातला. मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. दरवर्षी समाप्तीला तेच वाक्य, दरवर्षी तोच पेढा. देवाधर्मातल्या डामडौलावर मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ विनोद केले आहेत; आता त्या डामडौलात मांडी घालून बसल्यावर मला कळलं की गादी मऊ असते.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग वर्तमानपत्र लांब जायला लागलं. आधी वाटलं छपाई बिघडली. जालन्याला एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी जुने कागद पाहिले, तपासलं, आणि सरळ सांगितलं, “लेझरनं डोळ्याच्या समोरचा पडदा घडवला, ते काम अजून बऱ्यापैकी टिकून आहे. पण वाचायला त्रास होतो तो आतलं भिंग ताठर होत जातं म्हणून. ते वयाप्रमाणे होतच राहणार. त्याला कुणी सांगितलंय तुम्ही ऑपरेशन केलंय म्हणून?” पुन्हा लेझर करता येईल का, म्हणून विचारलं. डोळे कोरडे पडले आहेत, आणि केलं तरी त्याचीही मुदत असेल, म्हणाल्या. “जवळच्यासाठी चष्मा लावा. आणि हे कागद जपा. पुढं मोतीबिंदू झाला तर नवं भिंग मापायला लागतील.” जी गोष्ट मी कायमची मिटली म्हणून समजत होतो, तिला फक्त काही वर्षांची रजा मिळाली होती.

चष्मा घेतला. घरात लावायचो, शाळेत लावायचो नाही, आणि देवळात तर शक्यच नव्हतं. माझा चष्मा म्हणजे आता पोथीचा पराभव झाला असता. म्हणून दोन श्रावण मी पाठांतरावर काढले. तीस-बत्तीस वर्षांचं वाचन तोंडात बसलेलं. पानावर धुरकट ओळी, आवाज मात्र खणखणीत. घरी रोज सकाळी त्या दिवसाचा अध्याय चष्मा लावून घोकायचा आणि दुपारी वाचल्यासारखा म्हणायचा. बायको म्हणायची, “इतकी मेहनत परीक्षेला केली असती तर हेडमास्तर झाले असते.”

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी आणखी काही वर्षं ढकलली असती. पण गयाबाई होत्या. आमच्या गल्लीतल्या, सत्तरीच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परतूरला तपासणी शिबिर झालं तेव्हा मुलगा त्यांना न्यायला तयार होता. त्या गेल्या नाहीत. “गुरुजीचा चष्मा सुटला, माझा पडदा न्हाई का सुटणार?” असं म्हणून त्या रोज पोथीजवळ येऊन बसत, आणि अध्याय झाला की पोथीचं कापड दोन्ही डोळ्यांना लावत. पहिल्या वर्षी त्या देवळात एकट्या येत. दुसऱ्या वर्षी सुनेचा हात धरून येऊ लागल्या. मी हे पाहत होतो. लांबचं मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या समाप्तीची गोष्ट. शेवटचा अध्याय आमच्याकडे अलीकडे बाहेरचे महाराज वाचत. ते पांढऱ्या गाडीतून येत, त्यांच्या मागं दोन गाड्या येत, आणि त्यांच्या वाचनापेक्षा त्यांच्या आगमनाला जास्त वेळ लागे. त्या दिवशी तीन वाजले तरी गाडी नाही. कुणीतरी बातमी आणली की महाराजांना दुसरीकडं मोठा मांडव मिळाला. माणिकरावांनी क्षणभर विचार केला आणि माझ्याकडं वळले. “गुरुजी, बसा. तुमाला काय अवघड हाये?”

तो अध्याय मी सात-आठ वर्षांत उघडला नव्हता. घोकलेला नव्हता. चष्मा घरी. आभाळ भरून आलेलं, भारनियमनाची वेळ, आणि जनरेटर होता तो फक्त भोंग्यापुरता. गाभाऱ्यातल्या समईचा उजेड पोथीपर्यंत येत नव्हता. समोर गाव उपाशी बसलेलं, पुढच्या रांगेत गयाबाई कान लावून. पान उचललं तर त्यावर राखाडी पट्टे होते, बस. पहिल्या चार ओव्या आठवल्या. मामांनी त्यांचे अर्थ सांगितले. पाचवी नाही. मी पान जवळ नेलं, लांब नेलं. घसा खाकरला. खाकरण्यालाही मर्यादा असते. मी मनात मारुतीला म्हणालो, की आता जे होईल ते होऊ दे, मला पुढचं येत नाही. आयुष्यात प्रार्थना पुष्कळ म्हटल्या. पण मागं पाठांतर नसलेली ती पहिलीच.

आणि तुळशीराम मामा बोलायला लागले.

“आता काय झालं,” ते लोकांकडं बघत म्हणाले, “त्या भक्तानं समदं करून बघितलं. बळ लावलं, बुद्धी लावली. मंग थकला, आन् म्हणला, देवा, म्हाया हातात काईच न्हाई राह्यलं.” पाचव्या ओवीचा अर्थ होता तो. आणि अर्थ ऐकताच, खोल विहिरीतून पोहरा वर यावा तशी ती ओवी माझ्या तोंडात आली. मी म्हटली. मामांनी लगेच सहावीचा अर्थ सांगितला. सहावी आली. मागून कुणीतरी ओरडलं, “मामा, गुरुजीला आधी वाचू द्या की!” मामांनी मान सुद्धा वळवली नाही. “समाप्ती हाये आज,” एवढंच म्हणाले, “आज असंच असतंय.”

सगळा अध्याय तसा झाला. कुठं मी एखादा शब्द चुकलो असेन. एका ठिकाणी ओवी येईना तर त्यांनी तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत फिरवून सांगितला, चुकार मेंढरू वळवावं तसा, आणि ती आली. शेवटची ओवी म्हणताना मी पानाकडं बघायचं सोंगही सोडून दिलं होतं. मी मामांच्या तोंडाकडं बघत होतो. हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. लहानपणापासून ऐकणाऱ्याला अर्थ पाठ असणार, आणि अर्थ कळला की जुन्या शब्दांना वाट सापडणार, हे मीही समजू शकतो. समजून झाल्यावर जे उरतं त्याच्यापुढं मी हात जोडतो.

आरतीची गडबड सुरू झाली तेव्हा मी हळूच विचारलं, “मामा, तुम्हाला कसं कळलं?”

“वाचणाऱ्याचा डोळा चरत चरत पुढं जातो, मेंढीवानी. तुमचा दोन सालापासून एका जागी हुबा हाये.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी वाचल्याबिगर म्या तोंड उघडायचं न्हाई, हा नेम.” ते हसले. “पर तुमी वाचूनच न्हाई राह्यले. मंग आज म्हणलं, नेम तर कवाचाच मोडलाय.”

तेवढ्यात माणिकरावांनी माइक घेतला. “गुरुजी साठीला आले, तरी अंधारात बिनचष्म्याचं...” समोर गयाबाई पोथीचं कापड चाचपडत होत्या; त्यांचा हात पोथी सोडून माझ्या गुडघ्यावर पडला. मी उठलो आणि माइक मागितला. काय बोललो ते नीट आठवत नाही. पुण्याला यंत्रानं डोळे करून घेतले, काही वर्षं चाललं, आता दिसत नाही, पोथीनं चष्मा सोडवला नाही, आणि मी गप्प बसलो, एवढं सांगितलं असेन. आता सभा फुटेल अशी माझी तयारी होती. मग एक म्हातारबा म्हणाले, “मंग लावा की चष्मा. मारुती काय वळखायचा न्हाई का तुमाला?” लोक हसले आणि पंगतीकडं वळले. ज्याच्या धाकानं मी इतका झिजलो, त्याची किंमत गावाच्या लेखी एका वाक्याची होती.

गयाबाई मात्र हसल्या नाहीत. “हे मला दोन साल आधी न्हाई सांगायचं, गुरुजी?” म्हणाल्या. दिवाळीआधी त्यांच्या मुलासोबत मी त्यांना जालन्याला घेऊन गेलो. एका डोळ्याला चांगलं दिसू लागलं. दुसऱ्याला उशीर झाला होता; मोतीबिंदू पिकून आतली नस दबली होती. त्यातून उजेड-अंधार एवढंच कळतं. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. टाकून बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मामा आता नाहीत. त्यांचा पुतण्या सूचक आहे. मी दोरी लावलेला चष्मा घालून बसतो, तो घसरतो, आणि बायका पदराआड हसतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. लेझरचे जुने कागद कपाटात जपून ठेवले आहेत. डोळ्यांकडून आता माझी फार अपेक्षा नाही. माणसानं दिलेल्या प्रत्येक उपायाला मुदत असते, त्यात उपायाचा दोष नाही. मुदत संपली हे कबूल न करण्यात माझा होता.

एक मात्र राहिलं. त्या वर्षापासून आमच्या देवळात समाप्तीचा अध्याय अर्थ आधी आणि ओवी मागून असाच होतो. बाहेरगावचं कुणी विचारलं तर माणिकराव माइकवरून सांगतात की ही फार जुनी परंपरा आहे. या वेळी मी त्यांना दुरुस्त करत नाही. सूचक बोलायला लागतो, मी हातातलं पान खाली ठेवतो, चष्मा काढतो, आणि वाट बघतो.