अण्णांचा कोरडा तुकडा

फिल्टरवाल्या अण्णांच्या नाकावर माशी बसत नसे. बसलीच असती तर घसरून पडली असती, इतकं तेल त्या माणसाच्या अंगावर. काकू त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत आणि म्हणत, "यांचा शर्ट पिळला तर महिन्याचं तेल निघेल." अण्णांना हे ऐकायला आवडायचं.

आमचा कारखाना खाद्यतेल शुद्ध करण्याचा. तेलाचा रंग काढायला त्यात एक फिकट माती घालतात आणि मग ते कापडी पडद्यांतून गाळतात. तेल पुढे जातं, माती पडद्यांमध्ये वडीसारखी थापून बसते. त्या वडीत थोडं तेल अडकतंच. वडी जमेल तितकी कोरडी करणं हे अण्णांचं काम आणि तिच्यात किती तेल राहिलं ते काढणं माझं, कारण प्रयोगशाळा माझ्याकडे. हवा किती फुंकायची, वाफ कधी द्यायची, हे अण्णा नुसते कान लावून ठरवत. प्रत्येक घाण्यानंतर वडीचा तुकडा कागदात बांधून आणत आणि टेबलाशी उभे राहत.

"किती?"

"अहो अण्णा, आत्ता तर ठेवलात. दोन तास लागतील."

"लागू देत. थांबतो."

शंभरात वीस भाग तेल आलं की स्वारी खूश. बावीस आलं की घरी जाऊन नीट जेवत नसत. काकू मला म्हणायच्या, "तुझ्या त्या आकड्यापायी माझं जेवण वाया जातं गं."

वडी कधी कुणी तोलली नाही. घाण्याला दोनशे किलो माती, वडीत वीस टक्के तेल, म्हणजे पन्नास किलो तेल मातीत गेलं, असं आम्ही वर्षानुवर्षं धरत आलो. मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी तेल येतं तिथं आणि जातं तिथं मोजयंत्रं बसवली. हे पन्नास किलो धरूनही दर घाण्याला आणखी चोवीस किलो तेल कमी भरायला लागलं. मातीत नाही, नळातून गळत नाही, मग जातं कुठं? टाक्यांच्या चाव्या टाकीवाल्याकडे. साहेबांनी त्याला बोलावून सरळ सांगितलं, "शनिवारपर्यंत हिशेब लाव, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

टाकीवाल्याचं आणि अण्णांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सात वर्षांपूर्वी त्याने चारचौघांत म्हटलं होतं की अण्णांच्या तेलात माती उतरते. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. मला वाटलं, अण्णा मनातून खूश असतील. छे! दोन दिवस त्यांनी आकडासुद्धा विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी आले ते अख्खी वडी घेऊन. टेबलावर ती मधोमध मोडली, आतली माती मुठीत घेऊन दाबली. बोटांच्या फटींतून तेल आलं.

"ही मधली," ते म्हणाले. "तुला मी कडेची देतो. हवा तिकडून शिरते, तिथं खडखडीत होते."

"अहो, पण का?" मी भडकलेच. "एकोणीस वर्षं?"

"तूच म्हणालीस बाळ. नवीन होतीस. एकदा मधला तुकडा आणला तर म्हणालीस, असला चिखल आणू नका, कुटता येत नाही, कोरडा द्या. मग मलाही कोरडाच बरा वाटायला लागला. आकडा छान यायचा."

मला आठवलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वडीच्या पाच जागांचे तुकडे एकत्र कुटून मी तपासणी केली. सत्तावीस टक्के. घाण्यामागे चौऱ्याहत्तर किलो. चोवीस किलोंचा चोर सापडला होता, आणि तो पहिल्यापासून मातीतच होता.

शनिवारी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. अण्णांनी सगळं सांगितलं, टाकीवाल्याकडे न बघता. साहेबांनी माझी वही पाहिली, यंत्रांचे आकडे पाहिले, आणि टाकीवाल्याला म्हणाले, "तू कामावर जा." मग अण्णांकडे वळले. "कडेचा तुकडा आणायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी अण्णांच्या शेजारीच उभी होते.

"कुणी नाही," अण्णा म्हणाले. "माझीच हौस."

मला वाईट वाटलं, भीतीही वाटली, आणि मी मूग गिळून बसले. साहेबांनी अण्णांना फिल्टरवरून काढून डबे धुण्याच्या खात्यात टाकलं. निवृत्तीला दहा महिने होते.

बाहेर टाकीवाला थांबलाच होता. म्हणाला, "अण्णा, जेवलात?"

"नाही."

"मग चला. माझ्या डब्यात पुरेल दोघांना."

गेले दोघं. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी कुठल्या तोंडाने जाणार होते? सोमवारी साहेबांना सांगू म्हटलं. मग पुढच्या सोमवारी. अण्णा डबे धुताधुताच निवृत्त झाले. त्याच वर्षी, तेलाची घट अचूक शोधून काढल्याबद्दल मला बढती मिळाली. मी ती घेतली.