न आवळणारा फास

गिऱ्हाईक दारात आलं की बाबाजी आधी दोराला जीभ लावून पाहायचे, मग त्याचा फास स्वतःच्या गळ्यात घालायचे आणि दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे.

"ओढा."

माणूस बिचकायचा. पोरासाठी दोन आण्यांचं खेळणं घ्यायला आलेला तो. भरदिवसा चार लोकांसमोर एका म्हाताऱ्याला फास लावायची त्याची तयारी नसायची. हसून टोक सोडून द्यायचा. बाबाजी ते उचलून पुन्हा त्याच्या मुठीत कोंबायचे. ओढून पाहिल्याशिवाय दोर विकायचा नाही हा त्यांचा कायदा होता आणि तो मोडणाऱ्याला रिकाम्या हाताने परत जावं लागे. शेवटी माणूस ओढायचा. फास सरसर लहान होत यायचा आणि गळ्यापासून चार बोटांवर टक् करून थांबायचा.

"नाईच आवळनार," बाबाजी म्हणायचे आणि समोरचा जणू त्यांना खोटं पाडायलाच आला होता अशा चेहऱ्याने पैसे घ्यायचे.

नागपूर तेव्हा अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं. पाचपावलीकडच्या एका प्राथमिक शाळेत मी नवाच मास्तर म्हणून लागलो होतो आणि शाळेमागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत बहिणीकडे राहत होतो. बाबाजी समोरच्या घरात. साठी उलटलेले, काटकुळे, अंगात बंडी. नऊवारी लुगडी विणण्यात त्यांचा जन्म गेला होता. गिरणीच्या लुगड्यांनी बाजार भरला तसा त्यांचा हातमाग आठवड्यातून तीनच दिवस चालू लागला. उरलेले दिवस कपाळाला हात लावून बसणारी माणसं गल्लीत पुष्कळ होती. बाबाजी त्यांतले नव्हते. कुणी हळहळ दाखवायला आलं की त्याला ते बसायला पाट देत नसत.

त्याच सुमारास सीताबर्डीवर घोडेस्वारांचा एक इंग्रजी सिनेमा लागला. त्यातला गडी धावत्या घोड्यावरून दोर फेकतो आणि पळता बैल पकडतो. झालं, आमच्या वस्तीत एकही दोरी जागेवर राहिना. विहिरीचे दोर गेले, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या. सुतळीच्या फासांनी पोरांच्या मानांची सालपटं निघाली. आयांनी बडवलं, आम्ही मास्तरांनी छड्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा दोर घेऊन हजर.

बाबाजींचं म्हणणं वेगळं होतं. "पोट्टे फेकनारच. तुम्ही कितीबी मारा. मंग त्यायले चांगला दोर काहून नाई देत?"

सदर बाजारातल्या एका बड्या दुकानात असा खेळण्यातला दोर काचेत मांडलेला होता. बाबाजी पायी तिथे गेले. दुकानदाराने त्यांच्या बंडीकडे पाहून दोर हातात द्यायला नकार दिला. तेव्हा बाबाजी बाहेर फुटपाथवर उभे राहून काचेतून तासभर त्या दोराकडे पाहत राहिले. दुकानदाराने दोनदा हटकलं, हे हटले नाहीत. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, दोर सुंदर आहे, पण त्याचा फास कुठे अडतच नाही, करणाऱ्याला लेकरं नसावीत.

मग त्यांनी स्वतःचा दोर करायला घेतला. लुगडं मागावरून उतरलं की ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, वीतभर टोकं वाया जातात, ती जोडून त्यांनी दोर वळला. सुती दोर लुळा पडतो, त्याचा फास हवेत उघडा राहत नाही. त्यावर उपाय त्यांच्या धंद्यातच होता. विणकर ताणा गल्लीत लांबच लांब ताणतात आणि त्याला कुंच्याने खळ चोपडतात, म्हणजे सूत ताठ होतं. बाबाजींनी दोरालाच खळ दिली. ज्या बोरूच्या कांडीवर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत गुंडाळतात, तिचा बोटभर तुकडा दोराच्या एका टोकाला बांधला आणि दुसरं टोक त्या पोकळ तुकड्यातून ओवलं. फास तयार. सोडला की सुळकन सुटे, ओढला की सुळकन मिटे.

पहिल्या बारा दोरांचं काय झालं ते सांगायला हवं. खळ ज्वारीच्या पिठाची होती. पोरांनी दोर बकऱ्यांवर फेकले आणि बकऱ्यांनी ते आनंदाने खाल्ले. साऱ्या गल्लीत हसू. जन्मभर खळ लावणाऱ्या माणसाला खळ हे अन्न आहे याचा विसर पडावा! बाबाजी स्वतःही हसले, पण माघार घेतली नाही. कुणीतरी मोरचूद घालायला सुचवलं. ते म्हणाले, दोर वाचेल, पण पोट्टं तो तोंडात घालतं, त्याच्या पोटात विष जाईल त्याचं काय. त्यांनी खळीत कडुनिंबाचा काढा घातला, आणि तेव्हापासून प्रत्येक दोर चाखून पाहायची सवय लागली. दोर कडू लागला की त्यांचा चेहरा खुलायचा.

आणि मग ती गाठ. दोरावर एका ठरलेल्या जागी ते गाठ मारत. ती कांडीच्या तुकड्यापाशी येऊन अडली की फास त्याहून लहान होत नसे. जागा ठरवायला त्यांनी सुताचा धागा घेऊन वस्तीतल्या सगळ्या पोरांची डोकी मापली. ज्याचं डोकं सर्वांत मोठं, ते फासातून सहज बाहेर निघालं पाहिजे. ते डोकं माझ्या भाच्याचं निघालं. भाच्याला त्याचा अभिमान वाटला. मला, त्याचे गणितातले गुण माहीत असल्यामुळे, तसा वाटला नाही.

आता माझा पराक्रम ऐका.

भाच्याला मीच दोर घेऊन दिला होता. चार दिवसांत त्याची कुरकुर सुरू झाली. खुर्ची सापडते, पण बकरी मान काढून पळते. सिनेमात असं होत नाही. रविवारची दुपार होती, मी लाल शाईने वह्या तपासत होतो, पोर कानाशी भुणभुण करत होतं. मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, त्याच्या टोकाने ती गाठ उकरली आणि सोडून दिली. शिकलेला माणूस मी. एका विणकराला जे साधलं नाही ते आपण दोन मिनिटांत दुरुस्त केलं, असंच मला वाटलं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत भाच्याने तो दोर तिसरीतल्या एका मुलावर फेकला. मुलगा घोडा झाला होता, तो पळाला. फास आवळला. मी पोचलो तेव्हा मुलगा मातीत पडला होता आणि त्याचे ओठ निळे झाले होते. शाळेच्या शिपायाने चाकूने दोर कापला. मुलगा वाचला, पण दोन दिवस त्याला आवाज नव्हता, आणि मानेवर करवतीसारखा वळ.

हेडमास्तर एरवी भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी ते भडकले होते. त्यांनी शाळेतले सगळे दोर जप्त करून टेबलावर ढीग घातला, हे खेळणं शहरात विकायला बंदी करा असं नगरपालिकेला पत्र लिहायला घेतलं आणि बाबाजींना बोलावणं धाडलं. मी टेबलाच्या बाजूला उभा होतो. सांगायचं ते माझ्या ओठांवर होतं, तिथेच राहिलं. नोकरी नवी होती, हे एक कारण. दुसरं कारण भित्रेपणा. भाचाही माराच्या भीतीने बोलला नाही.

बाबाजी आले. मुलांच्या हाती फाशीचा दोर देता का, असं हेडमास्तरांनी विचारलं. बाबाजींनी ढिगातला एक दोर उचलला, चाखला, गळ्यात घातला आणि टोक माझ्याकडे केलं.

"ओढा, मास्तर."

मी ओढल्यासारखं केलं.

"असं नाई. ताकद लावा."

मी ओढला. टक्. फास चार बोटांवर थांबला. हेडमास्तरांनी तो दुसरा, चाकूने कापलेला दोर पुढे सरकवला आणि विचारलं, मग हा? बाबाजींनी तो घेतला आणि अंगठा आणि बोट यांच्या चिमटीतून हळूहळू ओढला, सुतातला दोष शोधतात तसा. एका जागी चिमटी थांबली. तिथली खळ उडालेली, पीळ विस्कटलेला, सुताला टोचे पडलेले, आणि लाल शाईचा ठिपका. त्यांनी वर पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे. माझी बोटं तेव्हा बारा महिने लाल असत.

मी जमिनीकडे पाहिलं आणि नाव उच्चारलं जायची वाट पाहिली.

"गाठ होती. सुटली," बाबाजी म्हणाले.

म्हणजे चूक तुमची, हेडमास्तर म्हणाले.

"सुटनारी गाठ मी देल्ली, हे माही चूक. ते मी कबूल करतो. पन दोर बंद नाई होनार, साहेब. आठ दिवस थांबा, मंग काय लिहाचं ते लिहा."

दबून बोलले नाहीत की हात जोडले नाहीत. तो ढीग त्यांनी खांद्यावर टाकला आणि गेले. गल्लीने मात्र त्यांचं नाव टाकलं होतं. ज्या पोरांची डोकी मापली होती त्यांच्या आयांनी दारं लावून घेतली. लेकराचा जीव घेणारा म्हातारा, असं नळावर उघड बोललं जाई, आणि माझी बहीणही त्यात होती. बाबाजींनी आठ दिवस लुगड्याच्या सुताला हात लावला नाही. दार मात्र सताड उघडं ठेवून बसले. ज्याला पाहायचं त्याने पाहावं.

जुना ताणा संपत आला की विणकर त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडतात. बोटाला राख लावून नुसता पीळ देतात, गाठ मारत नाहीत. तरी तो जोड सुटत नाही. बाबाजींनी तेच दोरावर केलं. गाठीच्या जागी दोराच्या पोटातच जादा धागे पिळून घातले, तिथे चिंचोक्याएवढा फुगवटा आणला आणि वर खळीचे थर दिले. आता दोरावर गाठ नव्हतीच, मग सोडणार काय?

नवव्या दिवशी ते सगळ्या जप्त दोरांच्या बदली नवे दोर घेऊन शाळेत आले. आमचा शिपाई आखाड्यातला. हेडमास्तरांनी त्याला ओढायला लावलं. टक्. मग बाबाजी माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही सोडून पाहा. तुमच्याजवळ काटा असन ना, तो गोल काढाचा?"

मी कर्कटक आणलं. हेडमास्तरांच्या देखत पाऊण तास मी त्या फुगवट्यात टोचत होतो. हात घामेजले, टोक वाकलं, एक धागा निघाला नाही. बाबाजी शांतपणे बघत उभे होते. हेडमास्तरांनी पत्राचा कागद फाडला आणि दोर मुलांना परत दिले. मला त्यातला एक, मी टोचलेला, बाबाजींनी स्वतः हातात दिला.

ते माझं नाव कुठेच बोलले नाहीत. एकदा मात्र मी ठरवून त्यांच्याकडे गेलो. गल्लीत ताणा ताणलेला होता, ते कुंचा फिरवत होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ताण्याची एक बाजू माझ्या हातात दिली आणि सैल सोडू नका म्हणाले. तासभर मी ती धरून उभा होतो. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. "बोला, मास्तर," असं ते मधे एकदा म्हणालेही. मी ऊन फार आहे म्हणालो.

तीन वर्षांनी बाबाजी गेले. ताप आला आणि आठवड्यात आटोपलं. वस्तीतली अर्धी पोरं त्यांच्या दोरांवर वाढली होती, म्हणून शोकसभा शाळेच्या व्हरांड्यातच घेतली. हेडमास्तर मनापासून बोलले. म्हणाले, या माणसाच्या हातून एकदा चूक झाली, पण ती त्याने मोकळेपणाने कबूल केली आणि सुधारली.

मी उठून उभा राहिलो. ठरवलं नव्हतं. चूक त्यांच्या हातून झाली नव्हती, असं म्हणालो, आणि मग रविवारची दुपार, कर्कटक, लाल शाई, सगळं सांगितलं. ज्या मुलाचा गळा आवळला होता तो तिसऱ्या रांगेत बसला होता, त्याची आई पलीकडे. दोघांकडे पाहून सांगितलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला. माझी बहीण पदर तोंडावर घेऊन उठून गेली.

सभा संपल्यावर मी बाबाजींच्या बायकोपुढे जाऊन उभा राहिलो. क्षमा मागायचे शब्द जुळवत होतो.

"त्यायले मालूम होतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "ते म्हनत, मास्तर एक दिवस स्वताच सांगन, मी वाट पाहून राहिलो."

मग त्या पायरी उतरून गेल्या. मी व्हरांड्यात बसून भरपूर रडलो. सगळ्यांनी पाहिलं, मी पाहू दिलं.

तो दोर माझ्याकडे आहे. पीळ जुना झाला आहे, कडवटपणा गेलेला नाही. मी अधूनमधून चाखून पाहतो. घरी या कधी. मी फास माझ्या गळ्यात घालीन आणि दुसरं टोक तुमच्या हातात देईन. बिचकू नका. ताकद लावून ओढा.