शेखरच्या यूटला ब्रेक

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. एक जुनी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घ्यायची, मागे ट्रेलर लावायचा, आणि ऑकलंडच्या मराठी लोकांना कळू द्यायचं की हा माणूस कोणाला नाही म्हणत नाही. बस्स! शेखरच्या यूटचे किस्से सांगताना पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. आता मधेच गप्प होतो. पण सांगायचे सोडत नाही.

मी हेन्डरसनच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांचं वायरिंग करते. आले होते बिझनेस शिकायला, रमले वायरींमध्ये. आईला अजून वाटतं मी ऑफिसात बसते.

*

घर बदलणारा प्रत्येक जण शेखरला फोन करायचा. वाक्य ठरलेलं, "सामान फार नाहीये रे!" ट्रेलर भरून दोऱ्या आवळल्या की आतून कोणीतरी धावत यायचं, "हे एवढंच राहिलं!" एवढंच म्हणजे कधी घरघंटी, कधी पाटा-वरवंटा. हो, पाटा-वरवंटा! सातासमुद्रापार आणलेला!

ट्रेलर सेकंडहँड, पण दणकट. त्याच्या चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक होते. पण त्यांना "आता लागा" असं सांगणारा कंट्रोलर यूटमध्ये नव्हता. म्हणजे ते ब्रेक नुसते शोभेचे. मी शंभरदा म्हटलं, "शेखर, कंट्रोलर बसवून देते. मरशील एक दिवस."

तो जॅन्डल, म्हणजे इथली रबरी चप्पल, घातलेला उजवा पाय वर करून दाखवायचा. "हा काय कंट्रोलर! पाय आहे ना माझा!"

आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

*

दीपक आमचा फार्मासिस्ट मित्र. हॅमिल्टनला नोकरी लागली म्हणून निघाला. सामान अर्थातच फार नव्हतं.

ऑकलंड सोडल्यावर लागणारा बॉम्बे हिल्सचा उतार, वर पाऊस. पुढच्या गाड्या अचानक थांबल्या. शेखरने ब्रेक दाबला, यूट थांबायला लागली, पण मागचा ट्रेलर थांबेना. त्याने यूटला ढकलत नेऊन कठड्यावर घातलं. शेखरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला नेलं त्याच हॉस्पिटलात त्याची बायको वैशाली नर्स. तिला ड्युटीवर असतानाच कळलं.

शुद्धीवर आल्यावर शेखरने पहिला प्रश्न विचारला, "दीपकचा फ्रिज वाचला का रे?"

वाचला होता. साधा ओरखडा नव्हता! तो फ्रिज अजून उत्तम चालतो. दीपक मात्र त्यातलं पाणी पीत नाही, नळाचंच पितो.

*

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात शिऱ्याचा डबा, प्रत्येकाच्या तोंडी तोच सल्ला, "ती यूट आधी विकून टाका!" शेखर खिडकीशी बसलेला असायचा. हं आणि नको, एवढंच बोलायचा. जो माणूस सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसालासुद्धा "किया ओरा" म्हणायचा, तो!

एक काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ दे गं वैशाली, जिवावरचं शेपटावर निभावलं."

वैशाली शांतपणे म्हणाली, "शेपूट असतं तर बरं झालं असतं, काकू."

काकू चहा न घेताच गेल्या. मला तेव्हा हसू आलं, आणि गाडीत बसल्यावर खूप रडू आलं.

*

त्यांचं मनुरेवाचं घर जिन्याचं. कुबड्या घेऊन शेखरला वर-खाली करणं जमेना. शेवटी वैशालीने हॅमिल्टनला बदली मागून घेतली, तिथल्या 'ते रापा' नावाच्या भागाजवळ बैठं घर बघितलं, आणि एक दिवस यूट घेऊन थेट माझ्या वर्कशॉपमध्ये आली. यूटचं तोंड नीट करून आणलं होतं.

"कंट्रोलर बसव. आमचं सामान आमच्याच ट्रेलरमधून जाणार."

"डोकं फिरलंय का तुझं? मूव्हर्स बोलव!"

"शेखर घरातून बाहेर पडत नाही, मंजू. फिजिओला न्यायचं तरी हातापाया पडावं लागतं. तिकडे जाऊनही तो खिडकीच शोधेल. त्याला या यूटमधूनच न्यायचंय मला."

मी कंट्रोलर दाखवायला लागले. एक प्रकार साधा, तुम्ही ब्रेक हळू दाबा की जोरात, तो ट्रेलरला आपला ठरलेलाच झटका देतो. दुसरा तुम्ही जितक्या जोरात थांबता, तितक्याच जोरात ट्रेलरला धरतो.

"म्हणजे पहिला सगळ्या पेशंटना एकच डोस देतो," वैशाली म्हणाली. "दुसरा दे!"

*

जुन्या यूटच्या डॅशबोर्डखाली डोकं घालणं म्हणजे शिक्षा आहे. कोणी कोणी कुठल्या जन्मी जोडलेल्या वायरी! सीटखाली शेंगदाणे, मंडळाच्या गणपतीची वाळलेली फुलं, आणि एक जॅन्डल. उजव्या पायाची.

मी ती पटकन हात पुसायच्या फडक्याखाली लपवली. वैशालीने बघितलंच. "असू दे तिथेच," म्हणाली.

कंट्रोलर मी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी लावणार होते. त्याला एक छोटी पट्टी असते. ती हाताने सरकवली की यूटचे ब्रेक लागत नाहीत, फक्त ट्रेलरचे लागतात, आणि मागे ट्रेलरचेच लाल दिवे पेटतात. ट्रेलर हेलकावे खायला लागला तर तीच कामाला येते. वैशाली डावीकडच्या सीटवर जाऊन बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "इथे. मध्ये लाव."

दोघांचाही हात पोचेल अशा बेताने मी तो रेडिओखाली बसवला.

*

निघायच्या दिवशी दीपक हॅमिल्टनहून पहाटेच आला. मी पोचेपर्यंत त्याने यूटची साग्रसंगीत पूजा उरकली होती. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक. आणि ट्रेलरच्या प्लगला पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, अगदी आतल्या पिनांपर्यंत!

प्लग जोडला, तर कंट्रोलर म्हणे ट्रेलर जोडलेलाच नाही. मी ब्रश घेऊन एकेक पिन घासत बसले आणि तोंडाचा पट्टा सोडला. "अरे गाढवा, ब्रेकला कुंकू नको, करंट लागतो!"

दीपक अंगणातच हमसून हमसून रडायला लागला. "मंजू, तेव्हा मीच म्हणालो होतो गं, हे एवढंच राहिलं..."

मी त्याला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

*

शेखर यूटपाशी आला आणि थबकला. "मी दीपकच्या गाडीतून येतो."

"ये की," वैशाली म्हणाली. "पण मग ट्रेलरच्या ब्रेकवर कोण बसणार? मी स्टिअरिंग बघू की ते?"

शेखरने दारातून आत वाकून ती पट्टी एकदा सरकवून बघितली. मग कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि चढून बसला.

मी आणि दीपक मागून निघालो. बॉम्बे हिल्स चढलो. उतार लागला तसा दीपकने माझा हात घट्ट धरला. पुढे वळणावर यूट आणि ट्रेलर दोन्ही तिरके दिसले. यूटचे लाल दिवे बंद होते. ट्रेलरचे पेटले होते. विझले. पुन्हा पेटले. ट्रेलर शहाण्यासारखा हळू झाला.

"बिघडलं का गं काही?" दीपकने घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

नव्या घरी मी आणि वैशाली चहा टाकायला आत गेलो. बाहेरून शेखरचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "अरे दीपक, फ्रिज आडवा काय करतोस? सरळ धर, सरळ!"

वैशालीच्या हातातली साखर ओट्यावर सांडली. ती पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवलाच नव्हता."