तळं कुठंय?

कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणत. न विचारता शुद्धलेखन सुधारायचं ही त्यांची खोड. परीक्षेच्या आधी पर्यावरणाच्या प्रोजेक्टची झुंबड उडे आणि मुलं सांगत, "काकू, मागच्या वर्षीचंच द्या, फक्त नावं बदला."

त्यातला 'कॉलेजमागील तळ्यातील जैवविविधता' हा प्रोजेक्ट काकूंना तोंडपाठ होता. माशांच्या सात जाती, दोन कासवं, तीन बगळे. दहा वर्षांत एक बगळा इकडचा तिकडे झाला नव्हता.

काकूंचे यजमान रिटायर झाले आणि त्यांनी हौसेनं गळ विकत आणला. "जायचं कुठे पण?" ते म्हणाले. काकूंनी छातीठोकपणे सांगितलं, "कॉलेजच्या मागे. सात जातींचे आहेत!"

गळ, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन यजमान निघाले ते अर्ध्या तासात लालबुंद होऊन दुकानात हजर.

"तळंबिळं काही नाही तिथे! पार्किंग आहे. वॉचमन मला विचारतो, आजोबा, गाडी कुठली तुमची?"

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली म्हणे बुजवून!"

दुकानात हशा पिकला. काकूंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. नसलेले मासे त्यांनी सहा वर्षं शुद्धलेखन तपासून छापले होते.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजातल्या दोन मुली आल्या. "काकू, तळ्याचा प्रोजेक्ट. नावं बदला."

"तळं कुठंय?"

"प्रोजेक्टमध्ये."

"आधी जाऊन बघून या. मग टाइप करते."

मुली धुसफुसत गेल्या, पण गेल्या. वॉचमनशी बोलल्या, माळ्याला गाठलं. पूर्वी तळ्यात उतरणारं पावसाचं पाणी आता लायब्ररीच्या तळघरात शिरतं, हे त्यांनी भिंतीवरच्या ओलीचे डाग टेपनं मोजून दाखवलं. अकरा पानं झाली. काकूंनी ती एका बैठकीत टाइप केली.

प्रोजेक्ट पाहून मुलींच्या सरांना घाम फुटला. "अगं, त्या माशांवर दरवर्षी माझी सही आहे!"

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी अकराही पानं वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "सर, तळ्यावर शेवटचे कधी गेला होतात?"

सर म्हणाले, "गाडी तिथेच लावतो रोज."

मुलींना वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. लायब्ररीनं तळघरातली पुस्तकं वरच्या मजल्यावर हलवली. आणि जागेवर जाऊन केलेल्या नोंदींशिवाय प्रोजेक्ट घ्यायचा नाही, असा नियम सरांनीच काढला.

आता नुसती नावं बदलून भागत नाही. चिखलाचे डाग पडलेल्या वह्या दुकानात येतात, काकूंची बोटं दुखतात, आणि चष्मा नाकावर ओढून त्या मोठ्या खुशीत ओरडतात, "अरे, हे बेडूक आहे की बंदूक? अक्षर काय हे!"