शेवटच्या कडव्यातलं नाव

“ताई, माज्या गाण्यात दुसऱ्याचं नाव आलंय.”

किसनआबांचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या मालकांसमोर बसले होते. त्यांच्या स्विमिंग पूलचं पाणी फोटोत पुरेसं निळं दिसत नव्हतं आणि तो दोष माझा आहे असं त्यांचं ठाम मत होतं. मी आबांना म्हणाले, नंतर करते. आबा एरवी ‘बरं’ म्हणून लगेच फोन ठेवतात. त्या दिवशी ठेवला नाही.

“तुमी आदी बगा, मंग बोला.”

मी मूळची डीटीपी ऑपरेटर. कामशेतला लग्नपत्रिका आणि बॅनर करायचे. पत्रिका मोबाईलवर गेल्या, तशी मीही मोबाईलवर गेले. आता लोकांची सोशल मीडियावरची पेजेस सांभाळते. फोटो टाकायचे, मजकूर लिहायचा, लोकांना उत्तरं द्यायची, आणि दर महिन्याला क्लायंटला सांगायचं की तुमचा रीच वाढतोय. रीच म्हणजे तुमची गोष्ट किती जणांच्या डोळ्यांसमोरून गेली ते. थांबून पाहिली की नाही, हा वेगळा विषय, तो आम्ही शक्यतो काढत नाही. माझे क्लायंट म्हणजे रिसॉर्टवाले, चिक्कीवाले, एक दातांचे डॉक्टर. आणि वडिवळ्याचे किसनआबा.

आबांची धरणाखाली भातशेती आहे आणि एक गायन पार्टी आहे. एक हार्मोनियम, एक ढोलकी, मागे साथ करणारे चौघंपाचजण. जयंती, बारसं, घरभरणी, लग्न, असं काही असलं की बौद्ध वस्त्यांमधून पार्टीला बोलावणं यायचं. गाणी आबांचीच. बारशाला गेले की बाळाचं नाव गुंफायचं, लग्नाला गेले की नवरानवरीचं. मग डीजे आले आणि बोलावणी कमी झाली. “आमी हाय अजून, हे लोकांस्नी कळू द्या,” असं म्हणून आबा माझ्याकडे आले.

आधी आम्ही पार्टीचा गातानाचा व्हिडिओ टाकला. सोशल मीडिया कंपनीने त्याचा आवाजच बंद करून टाकला. कारण चाल सिनेमातली. गायन पार्ट्यांमध्ये ही जुनी रीत आहे, शब्द आपले आणि चाल लोकांच्या तोंडी असलेली. मशीनला ही रीत कोण समजावणार? चौघं गडी जीव तोडून गातायत आणि आवाज नाही, असा तो व्हिडिओ. आबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “शब्द तर माजे हायत? मंग शब्दच टाका.”

मी शब्द टाकले. साध्या रंगावर मोठ्या अक्षरात, दर शनिवारी एक गाणं. खरं सांगते, मला आशा नव्हती. पण लोक आपापल्या चाली लावून म्हणायला लागले. कुणी ओवीसारखं, कुणी लावणीच्या ठेक्यात, एका आजोबांनी तर प्रार्थनेसारखं. आबांना त्या सगळ्या चाली आवडत. वाईट गाणाऱ्यालासुद्धा ते मला ‘लय ग्वाड’ असं उत्तर लिहायला लावत. असा श्रोता गोळा करायला रिसॉर्टवाल्यांनी किती जाहिराती केल्या असत्या.

त्यात एक गाणं आलं, ते मात्र पळालं.

*वाट बुडाली, बांध बुडाला, सुटला नाही हात*
*तुझ्या भरवशावर रुजला गं खाचरामधी भात*

गाणं टाकण्याआधी आमचा वाद झाला होता. मी म्हणत होते, चित्रावर तुमचं नाव छापू या, मधोमध, पुसट, म्हणजे कुणाला कापता येणार नाही. आबांना ते अजिबात पटेना. त्यांच्या रीतीत कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. ते आलं की गाणं पुरं झालं.

“गाणं ऐकायच्या आदी कवीचं नाव म्हंजे जेवायच्या आदी ढेकर,” आबा म्हणाले.

“बरं, मग शेवटचं कडवं तरी टाकू.”

“ते बी न्हाई टाकायचं.”

मी कपाळाला हात लावला. आबांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या बायको, शेवंतामावशी, अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आबांनी आवाज खाली आणला आणि मला ते कडवं म्हणून दाखवलं.

*नाव पुसता किसन सांगे, आधी शेवंता लिवा*
*तिच्यामागं चालत आलो, तिच्या हाती दिवा*

“सगळ्या मुलखाची नावं गुंफली मी,” आबा म्हणाले. “हिचं एकदा बी न्हाई. तिनं मागितलं बी न्हाई. बुद्धपौर्निमेला विहारासमोर म्हननार हाय, तिच्यासमोर. तवर कुनाला कळू द्यायचं न्हाई.”

मी ते कडवं न टाकता गाणं टाकलं. लोकांनी त्याचे स्क्रीनशॉट काढले, पेजचं नाव कापलं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं. गाणं मावळभर फिरलं आणि ते कुणाचं आहे हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रिसॉर्टच्या मालकांची क्षमा मागून मी बाहेर आले आणि आबांनी पाठवलेला व्हिडिओ उघडला. एक मुलगी गात होती. डफ वाजवत, मोकळ्या आवाजात. चाल तिची स्वतःची, आणि फारच छान. शेवटचं कडवंही तिचं स्वतःचं.

*अश्विनी गाते कुरवंड्याची, ऐका तुम्ही जन*
*मायबापाच्या हातावरचा चिखल माझं धन*

आमच्या पेजवर जेवढ्या लोकांनी गाणं पाहिलं होतं, त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते तिच्याकडे ऐकलं होतं. खाली लोक लिहीत होते, ताई काय लिहिता तुम्ही.

मी तडक वडिवळ्याला गेले. आबा ओट्यावर बसले होते, तोंड पाडून. घरात मावशी तोच व्हिडिओ लावून भाजी निवडत होत्या.

“ताई, ऐकलं का या पोरीचं?” मावशी म्हणाल्या. “ह्यांच्याच गाण्यावर केलंय. पन शेवट बगा कसा केलाय. मी ह्यांना किती वर्सं सांगते, शेवटाला नुस्तं आपलं नाव नका ठोकू, काय तरी मनातलं सांगा. महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं मी.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी फक्त दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये पाहिला आहे.

मावशी हंडा घेऊन नळावर गेल्या तसे आबा म्हणाले, “आता पौर्निमेला मी माजं कडवं म्हनलं, तर लोक काय म्हनतील? म्हाताऱ्यानं पोरीचं गानं उचललं आन् बायकूचं नाव घुसडलं. तिच्या नावाची शोभा करायची का मी?”

माझ्याकडे दोन उपाय होते. पहिला, रिपोर्ट करणं. म्हणजे कंपनीला कळवायचं की हे आमचं आहे, चोरलंय. मग त्या मुलीचा व्हिडिओ निघून जातो. दुसरा, पूर्ण गाणं आजच्या आज टाकणं.

“दुसरा नगं,” आबा म्हणाले. “आदी तिनं ऐकायचं, मंग जगानं.”

“मग रिपोर्ट करते.”

“गानाऱ्याचं तोंड बंद करायचं व्हय? आमचं केलतं तसं?”

“आबा, तिने तुमच्या गाण्यात स्वतःचं नाव घातलंय.”

“तिच्याशी बोलला का तुमी?”

बोलले नव्हते. मी तिथूनच तिला मेसेज केला. तिचा लगेच फोन आला. अश्विनी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला आहे, ड्युटीवरून बोलत होती. मी थोड्या चढ्या आवाजात विचारलं की दुसऱ्याचं गाणं आपल्या नावावर कसं खपवलं.

“मॅडम, मला ते फॉरवर्ड आलं होतं,” ती म्हणाली. “कुणाचं ते किती जणांना विचारलं. नावच नव्हतं. शेवटसुद्धा नव्हता.”

“म्हणून तुमचं नाव घातलं?”

“बिननावाचं गाणं लोकांसमोर म्हणत नाहीत, मॅडम. माझे आजोबा पार्टीत ढोलकी वाजवायचे. ते म्हणायचे, ज्याला शेवट नाही ते गाणं अनाथ असतं, सापडलं तर पदरात घ्यायचं. म्हणून मी शेवट लिहिला. मी आत्ता डिलीट करते.”

फोन स्पीकरवर होता. आबा ओट्यावरून उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“पोरी, डिलीट नगं करू,” आबा फोनमध्ये ओरडून म्हणाले. त्यांना वाटतं लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. “बरोबर केलंस तू. चूक माजी हाय, मीच शेवट घरात ठिवला. पौर्निमेला ये वडिवळ्याला. आपल्यात असं स्टेजवर मिटवत्यात.”

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोर सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत बसलं होतं. खिरीचा वास सुटला होता. मावशी पहिल्या रांगेत. मी कॅमेरा लावला. मला क्लायंटच्या कार्यक्रमाला कधी धाकधूक होत नाही, त्या दिवशी होत होती. अश्विनी उभी राहिली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिला ओळखत होते सगळे. एकटे आबा मागे हार्मोनियमला हात लावून खाली बघत बसलेले.

तिने तिच्या चालीत गाणं म्हटलं, आणि शेवटच्या कडव्यापाशी थांबली.

“हे गाणं मला अर्धं सापडलं होतं,” ती म्हणाली. “माझं कडवं मी जोडलेलं. गाणं किसनआबांचं आहे. खरा शेवट त्यांच्याकडे आहे, तो मीसुद्धा ऐकलेला नाही.”

माईक आबांकडे गेला. आबांना तिची चाल धड येत नव्हती, पण ते तिच्याच चालीत म्हणाले. ‘आधी शेवंता’ला पोचले तेव्हा आवाज चिरकला. बायका मावशींकडे वळल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मावशींनी पदर सारखा केला, शेजारणीकडे कलल्या आणि म्हणाल्या, “आवाज बसलाय ह्यांचा.” माझं कॅमेऱ्याकडे लक्ष राहिलं नाही, त्यामुळे त्या व्हिडिओत नंतर बराच वेळ नुसता मंडपाचा खांब दिसतो.

खीर वाढून झाल्यावर मावशी माझ्याकडे आल्या.

“काडलं का तुमी ते?”

“काढलं. पण टाकणार नाही. आबा म्हणाले, घरातलं आहे.”

“टाका,” मावशी म्हणाल्या. “इतकी वर्सं लोकांच्या बायकांची नावं ह्यांच्या तोंडून ऐकली मी. आता माजं लोकांच्या तोंडून ऐकू द्या.”

टाकलं. खांबाचा भाग कापून. अश्विनीने तिच्याही पेजवर टाकलं, आणि आबांच्या पार्टीला पुन्हा बोलावणी यायला लागली. आता अश्विनी सुट्टी असेल तेव्हा त्यांच्याबरोबर गाते.

मग काही दिवसांनी नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनी कामगाराचा व्हिडिओ आला. त्याने घरात बसून तेच कडवं म्हटलं होतं. ‘नाव पुसता गणेश सांगे, आधी मंगल लिवा.’ माझं डोकं फिरलं. आता तर मूळ कडवं नावासकट जगासमोर होतं, सबब सांगायला जागाच नव्हती. मी फोन घेऊन वडिवळ्याला गेले, म्हटलं या वेळी रिपोर्ट करणार म्हणजे करणार.

मावशींनी फोन हातात घेतला. “मंगल कोन?”

“त्याची बायको असेल.”

मावशींनी व्हिडिओ परत लावला. मागे दारात एक बाई हातात ताट घेऊन उभी होती. आत जावं की थांबावं हे तिला कळत नव्हतं.

“हिला बी कुनी कदी म्हनलं नसंल,” मावशी म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या.”

“अगं, पन माजं नाव उडवलं त्यानं,” आबा म्हणाले.

“तुमचं लय वर्सं झालं की.”

रिपोर्ट राहिला. आता ते कडवं दर आठवड्याला वेगवेगळ्या बायकांच्या नावाने कुठून तरी येतं. मावशी प्रत्येक बाईचा चेहरा नीट बघतात. आबा अजून कुरकुरतात, पण खाली ‘लय ग्वाड’ लिहायला मलाच सांगतात.

मी आजवर केलेल्या कामात सगळ्यात लांब पोचलेलं काम हेच. नव्या क्लायंटला ते दाखवता येत नाही, कारण त्यावर ना पार्टीचं नाव उरलंय ना माझं. म्हणून आता पहिल्याच भेटीत सांगून टाकते की लोकांना तुमची गोष्ट खरंच आवडली, तर ते ती तुमची ठेवणार नाहीत. निम्मे क्लायंट तिथूनच परत जातात.