निळ्या धाग्याचा माग

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आला तो एकदम जिनिंगच्या हजेरी रजिस्टरवर. तिथं अठरा बायांची नावं लिहायची आणि हजर असेल तर उभी रेघ, नसेल तर शून्य, एवढंच काम होतं. सलग लिहायची सवय नाही.

त्या दिवशी सकाळी गेटात ट्रक उभा होता. माल भरायला आला असेल असं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, ट्रक भरलेलाच होता आणि वरच्या गाठी आमच्याच होत्या. आठ दिवसांपूर्वी इथूनच गेलेल्या. सूतगिरणीने परत पाठवल्या होत्या.

आमची जिनिंग वणीहून मुकुटबनला जाणाऱ्या रस्त्यावर होती. शेतातला कापूस आमच्याकडे येतो. मशीन त्यातली सरकी वेगळी काढते, उरते ती रुई. रुई दाबून गाठी बांधतात आणि गाठी सूतगिरणीला जातात. पण मशीनच्या आधी कापूस फरशीवर पसरतात आणि आम्ही बाया त्यातला कचरा हाताने वेचतो. पालापाचोळा मशीन काढतं. केस, पिसं, गुटख्याच्या पुड्या, सुतळी आणि प्लॅस्टिक हे आमचं काम. त्यात सगळ्यात वाईट प्लॅस्टिक. त्याचा धागा सुतात गेला तर तो रंग घेत नाही. पूर्ण कापडावर पांढरी रेघ उठते.

मॅनेजर वसंतभाऊ ऑफिसातून आले. एका हातात गिरणीचं पत्र, दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

"इंदूबाई, लाइन बोलवा."

सगळ्या आल्या. त्यांनी पुडी उघडली. आत निळे-पांढरे धागे होते, बोटभर लांब, केसाएवढे बारीक.

"अठरा बाया, छत्तीस डोये. एकीले दिसलं नाही हे?"

शीला म्हणाली, "भाऊ, रखमाबाईच्या एका डोयात मोतीबिंदू हाय. पस्तीस पकडा."

दोघी-तिघी हसल्या. वसंतभाऊ हसले नाहीत. "हसा. आजपासून दर हजेरीमागं दहा रुपये कटतीन. या लॉटचं नुकसान भरून निघेपर्यंत."

तेव्हा आमचा रोज साठ रुपये होता. कापसाची ती वर्षं कशी होती ते इकडच्या माणसाला सांगायला नको. शेतात काम कमी, म्हणून जिनिंगच्या फाटकाशी रोज दहा-वीस बाया विचारायला यायच्या. नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. उत्तर मुकादमाने द्यायला हवं होतं आणि मुकादम मी होते. पण मला लिहिता येतं म्हणून मुकादम केलं होतं, बोलता येतं म्हणून नाही. मी खाली बघत उभी राहिले.

फरशीवर परत बसल्यावर शीला म्हणाली, "तू एक शब्द बोलली नाही वं."

"काय बोलू? धागे तर निघाले न."

"निघाले. पन आपन रोज मूठमूठ काढतो, थे कोनाले दिसते?"

ते खरं होतं. रोज संध्याकाळी आमचा वेचलेला कचरा मागे नेऊन जाळत. किती काढला ते कोणालाच माहीत नव्हतं. किती सुटला तेवढंच माहीत होतं.

त्या दिवसापासून मी कचरा जाळायला दिला नाही. गाडी खाली करताना हमाल गावाचं नाव ओरडून सांगायचे. त्या गाडीतून निघालेलं प्लॅस्टिक मी एका चिंधीत बांधायची आणि गावाच्या नावाची चिठ्ठी आत टाकायची. दहा-बारा दिवसांत माझ्या डब्याच्या पिशवीत गाठोड्यांचा ढीग झाला. काय करायचं ते ठरलं नव्हतं. आमचं काम कुठेतरी दिसावं, एवढंच मनात होतं.

याच दिवसांत यवतमाळच्या कॉलेजातून नीलिमा मॅडम आल्या. त्या कापसाच्या सप्लाय चेनवर संशोधन करत होत्या. चेन म्हणजे साखळी, हे त्यांनीच समजावलं. शेतापासून कापडाच्या दुकानापर्यंत कापूस ज्या ज्या हातांतून जातो, ती साखळी. त्यातला कोणता हात कसं काम करतो आणि त्याने धंद्याला नफा होतो की तोटा, हे त्या लिहून घेत होत्या. दोन दिवस ऑफिसात बसून त्यांनी वसंतभाऊंना विचारलं. तिसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आमच्या फरशीवर आल्या.

"कामाबद्दल तुम्ही खूप समाधानी, समाधानी, की असमाधानी? यातल्या एकावर खूण करायची."

रखमाबाईने विचारलं, "मॅडम, थंडं पानी भेटत नाही, थे कोनत्या खान्यात बसते?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. तेवढ्यानेच मला धीर आला. जेवणाच्या सुट्टीत मी पिशवी त्यांच्यापुढे उलटी केली.

त्यांनी एकेक गाठोडं उघडून चिठ्ठ्या वाचल्या. बऱ्याच गाठोड्यांत पांढरी सुतळी नाहीतर पुडीचा तुकडा होता. निळे-पांढरे धागे फक्त तीन गावांच्या गाठोड्यांत होते. तिन्ही मुकुटबनकडची.

"इंदूताई, हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?"

"कोनी नाही. जाळाले द्यायचं जिवावर आलं."

"साखळीत चूक एका हातात होते आणि दिसते दुसऱ्याच हातात," मॅडम म्हणाल्या. "आता मागे मागे जायला पाहिजे."

"अन् पैसे तिसऱ्याच्याच कटतेत," शीला भाकरी खाता खाता म्हणाली. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

त्या तीन गावांपैकी एक माझ्या मोठ्या बहिणीचं, सुमनचं. सुट्टीच्या दिवशी मी एसटीने गेले. सुमन शेतात वेचणीला गेली होती, तशीच शेतात गेले. सात-आठ बाया ओळीने कापूस वेचत होत्या. वेचणाऱ्या बाया कमरेला झोळी बांधतात, तिला ओटी म्हणतात. आमची आई जुन्या लुगड्याची ओटी बांधायची. इथे सगळ्यांच्या कमरेला प्लॅस्टिकच्या पोत्याची फाडून केलेली ओटी होती. पांढरं पोतं, त्यावर निळी छपाई.

"सुमनबाई, लुगड्याची ओटी काहून नाही बांधत तुम्ही?"

"सुती लुगडं कोनापाशी हाय आता? ही बघ." तिने आपल्या साडीचा पदर माझ्या हातात दिला. गुळगुळीत, टेरिलीनचा. "याची ओटी बांधली तर गाठच राहत नाही. निसटून जाते."

मी आजूबाजूला पाहिलं. चारही बाजूंना कापूसच कापूस, आणि त्यात उभ्या असलेल्या एकीच्याही अंगावर कापसाचं कापड नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"मंग हे पोते कुठून आनले?"

तिने ओटीची छपाई माझ्यापुढे केली. "तूच विचारतं? चौथी शिकली न तू, वाच काय लिहिलं हाय थे."

मी वाचलं. आमच्याच जिनिंगचं नाव होतं.

मग आठवलं. आदल्या वर्षी दसऱ्याला वसंतभाऊंनी आमच्या मालकांना, शेठजींना सांगून हे थैले छापून घेतले होते. शेतकऱ्यांनी दुसऱ्या जिनिंगला न जाता आमच्याकडे यावं म्हणून या तीन गावांत घरटी दहा-दहा फुकट वाटले. त्या वर्षी या गावांची आवक वाढली आणि वसंतभाऊंना शाबासकी मिळाली. वर्षभर ऊन खाल्लं की तसलं पोतं कुजतं. कुजलं की त्याचे धागे सुटतात. मी ओटीच्या कडेवर नुसता तळहात फिरवला, तर चार धागे हाताला लागले. निळे-पांढरे.

एक ओटी मागून घेतली. सुमन म्हणाली, "धुवून तरी ने." मी म्हटलं, "अशीच पाहिजे."

परत येताना एसटीत आनंद झाला आणि पाठोपाठ भीती वाटली. हे शेठजींना सांगायचं म्हणजे त्यांच्याच थैल्यांची तक्रार करायची, तीही वसंतभाऊंसमोर. मॅडम यवतमाळला परतल्या होत्या. दोन दिवस मी ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन माघारी आले. तिसऱ्या दिवशी आमच्या लाइनमधली कमला कामावर आली नाही. ती वणीहून ऑटोने यायची. तिने निरोप पाठवला, ऑटोचं भाडं आणि कटती जाऊन हातात काही उरत नाही, मी काम सोडलं. तिच्या नावापुढे शून्य मांडलं, रजिस्टर मिटलं आणि सरळ ऑफिसात गेले.

शेठजी चहा पीत होते. वसंतभाऊ बाजूला बसले होते. मी पिशवी उघडली. मग मी टेबलावर गाठोडी मांडली. प्रत्येकावर गावाची चिठ्ठी. शेवटी सुमनची ओटी ठेवली.

"ये क्या है, इंदूबाई?"

"हात फिरवा, शेठजी."

"शेठजी, बाया काहीबी आनतेत," वसंतभाऊ म्हणाले. "कटती लागली म्हनून हे नाटक."

शेठजींनी हात फिरवला. धागे तळहाताला चिकटले. त्यांनी ते उजेडाकडे धरले, मग ड्रॉवरमधून गिरणीची पुडी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"वसंत, ये थैले किसने बाँटे थे?"

"आपनच, शेठजी."

"आपनच म्हनजे कोन?"

वसंतभाऊंनी ओटी आपल्याकडे ओढून त्यावरचं नाव बघितलं. मला त्यांची कीव आली. त्यांनी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. थैल्यांनी कापूस आणला होता आणि त्याच थैल्यांनी तो खराब केला होता. आणलेला कापूस त्यांनी मोजला. खराब झालेला मोजायला कोणी नव्हतं.

"अब काय करू मी?" शेठजी म्हणाले. "दिलेले थैले परत मागू?"

"मांजरपाटाच्या ओट्या शिवून द्या," मी म्हटलं. "आमच्यातल्या दोघींपाशी मशीन हाय. कापड तुमचं, शिलाई आमची. अन् कटती..."

"कटती की बात बाद में. अगला लॉट पास होऊ दे."

म्हणजे कटती चालूच राहिली. पण कापड आलं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या ओट्यांना मी बाजारातून स्वस्त पडली म्हणून नायलॉनची गुलाबी नाडी आणली. पंधरा दिवसांत फरशीवर गुलाबी धागे निघू लागले. वसंतभाऊंनी ते माझ्यापुढे धरले. "आता हे कोनाच्या थैल्याचं हाय, इंदूबाई?" मी कबूल केलं. आम्ही सगळ्या नाड्या उसवून सुती पट्ट्या लावल्या. दहा-बारा ओट्या उशांच्या खोळी झाल्या, त्या सुमनने घरोघरी जाऊन उशांवरून काढून आणल्या. वेचणाऱ्या बायांची तक्रार होती की सकाळच्या दवाने कापड ओलं होतं. मग त्या दव उतरल्यावर वेचायला लागल्या आणि कापूसही कोरडा येऊ लागला. हे कोणी ठरवलं नव्हतं.

यात सगळ्यात जास्त फिरले ते वसंतभाऊ. आपल्या मोटारसायकलवर तिन्ही गावांत जाऊन त्यांनी जुने थैले गोळा केले. एका थैल्याला एक ओटी, असा हिशोब ठेवला. मी त्यांना पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "वाटताना एक दिवस लागला होता. गोळा कराले महिना लागून राह्यला."

मग पुढचा लॉट गिरणीला गेला. आठ दिवस मी रोज सकाळी गेटाकडे आधी बघायची. ट्रक परत आला नाही. पत्र आलं. वसंतभाऊंनी ते फरशीवर येऊन वाचलं. माल पसंत होता आणि गिरणीने आणखी दोन लॉट मागितले होते. शीला म्हणाली, "भाऊ, कमला गेली, तेहतीस डोये पास झाले म्हना की."

पत्र आल्यावरही पंधरा दिवस पैशांचं नाव नव्हतं. मग वसंतभाऊ म्हणाले, शेठजी हंगामाच्या बोनसमध्ये कापलेलं धरून देणार आहेत. बाया खूश झाल्या. मी मात्र ऑफिसात गेले. या वेळी दाराशी थांबले नाही.

"शेठजी, बोनस तुमच्या मनाचा. कापलेले आमच्या कामाचे. थे दोन येगयेगळे द्या."

त्यांनी हिशोबाच्या वहीतून मान वर केली. "तुम तो बोलती नहीं थी."

"आता बोलाचं काम पडलं."

मी रजिस्टर पुढे केलं. ज्या दिवशी कटती झाली त्या दिवसाच्या रेघेखाली मी एक ठिपका द्यायची. त्यांनी ठिपके मोजले, मग वसंतभाऊंना मोजायला लावले. दोघांचा आकडा जुळला.

"ही कमला तो काम छोड के गई," शेठजी म्हणाले.

"काम सोडलं. कटती नाही सोडली."

नीलिमा मॅडमनी नंतर त्यांच्या संशोधनाची प्रत पाठवली. इंग्रजीत आहे, म्हणून मला वाचता येत नाही. त्यात एका पानावर माझी गाठोडी छापली आहेत, ती मी ओळखली. जिथं कचरा सापडतो तिथं तो बहुधा पडलेला नसतो, एवढं मी या कामातून शिकले. चार आणे किमतीची चिंधी आणि गावाचं नाव एवढ्याने तो कुठला ते कळतं, फक्त तो जाळायची घाई करू नये.

ठिपके मोजले त्या आठवड्याच्या शनिवारी, हप्त्याच्या वेळी वसंतभाऊंनी कापलेल्या पैशांची अठरा पाकिटं आणली. सतरा जणींनी तिथंच उघडून मोजले. कमलाचं पाकीट घेऊन मी रविवारी वणीला गेले. ती बाजारात भाजी घेऊन बसली होती. आधी तिचा विश्वास बसेना. तिने एकदा मोजले, शेजारणीकडून दुसऱ्यांदा मोजून घेतले, मग कमरेच्या पिशवीत ठेवले.

"पूर्न हायेत," ती म्हणाली.